एका गाडीमागे किती सुटतात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अर्थविषयक पानावर एका कंपनीची शिफारस वाचली. कंपनी टोकियोच्या शेअर बाजारातली, धंदा जुन्या गाड्या परदेशी पाठवण्याचा. पी/ई (शेअरचा भाव भागिले शेअरमागचा वार्षिक नफा) एक आकडी, भाव पुस्तकी मूल्याच्या, म्हणजे देणी वजा जाता शेअरमागे उरणाऱ्या मालमत्तेच्या, खाली, विक्री तीन वर्षे चढती आणि येन पडलेला, तेव्हा घेऊन ठेवा, असा लेखाचा सूर होता. लेखकाने मेहनत घेतली आहे, नाही असे नाही. पण दोनदा वाचूनही मला दोन गोष्टी सापडल्या नाहीत. ही कंपनी एका गाडीमागे किती कमावते? आणि गाडी घेतल्यापासून तिचे पैसे पदरात पडेपर्यंत किती दिवस जातात?

मी शेअर बाजारातला जाणकार नव्हे. सव्वीस वर्षे कार कॅरिअर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या, जहाजांवर काढली, त्यातली शेवटची अकरा चीफ ऑफिसर (कप्तानाच्या खालचा अधिकारी) म्हणून, आणि २०१९ मध्ये समुद्र सोडला. लेखात ज्यांना ‘युनिट’ म्हटले आहे त्या गाड्या मी जहाजाच्या पोटात चढताना-उतरताना पाहिल्या आहेत. नव्या गाड्या येतात त्या पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या, एकसारख्या, मुकाट. जुन्यांची वरात निराळी. एकीची बॅटरी उतरलेली, दुसरीच्या टायरात हवा नाही, तिसरी फोर्कलिफ्टने ढकलत आणलेली. आरशाला कुठल्याशा देवळातला ताईत अजून लटकतोय, मागच्या सीटखाली लहान मुलाचा मोजा. योकोहामा, नागोया, कोबे, कुठेही जा, जंपर केबल गळ्यात अडकवलेला एक माणूस दिवसभर या गाडीकडून त्या गाडीकडे पळताना दिसायचा. मेट्स रिसीटवर, म्हणजे माल कोणत्या अवस्थेत जहाजावर आला त्याच्या पोचपावतीवर, सही माझी असे. ‘जुनी गाडी, ओरखडे व पोचे आहेत’ हे मी इतक्या वेळा लिहिले की घरी फ्रिज आला तेव्हा पोचपावतीवर हात आपोआप तेच लिहायला निघाला होता.

जाता जाता एक सांगतो. कार कॅरिअरची क्षमता ज्या मापाने मोजतात ते माप म्हणजे १९६६ सालची टोयोटा कोरोना, मॉडेल आरटी४३. सहा हजार गाड्यांचे जहाज म्हणजे तसल्या सहा हजार कोरोनांचे. आजच्या एसयूव्ही तेवढ्या मावत नाहीत, आणि जुन्या गाडीचे भाडे लागते घनमीटरवर. त्यामुळे कंपनीने वर्षात इतक्या हजार गाड्या पाठवल्या, एवढे सांगून भागत नाही. त्यात छोट्या हॅचबॅक किती आणि लँड क्रूझर किती ते कळायला हवे.

आता मूळ मुद्दा, आणि त्यासाठी २०१४चा डिसेंबर. जपानातून केनियातल्या मोंबासाकडे निघालो होतो. हिंदी महासागरात मुख्य इंजिनाच्या एका सिलिंडरने दगा दिला. तो बंद करून, वेग उतरवून रखडत गेलो, आणि २९ डिसेंबरला पोचायचे जहाज पोचले २ जानेवारीला. एरवी चार दिवसांना कोण विचारतो? पण केनियात आठ वर्षांहून जुनी गाडी येऊ देत नाहीत, आणि ती आठ वर्षे कॅलेंडरच्या वर्षाने धरतात. २०१४ संपेपर्यंत २००७ची नोंदणी चालत होती. १ जानेवारी २०१५ पासून २००८ आणि पुढची. आमच्या सहाव्या डेकवर २००७च्या साठेक गाड्या होत्या, सगळ्या एकाच निर्यातदाराच्या. एजंट जहाजावर चढला, यादीवरून बोट फिरवत गेला आणि त्या साठावर त्याने आडवी रेघ मारली. त्या गाड्या मोंबासाला उतरल्याच नाहीत. पुढे दार-ए-सलामला उतरवल्या, कारण टांझानियात जुन्या गाडीला बंदी नव्हती, जादा कर होता. तिथे त्या मिळेल त्या भावाला गेल्या, असे नंतर कानावर आले. गाड्यांना काहीच झाले नव्हते. एकही ओरखडा वाढलेला नव्हता. माझी मेट्स रिसीट बिनचूक होती.

केनियाचा नियम अजून तोच आहे. २०२६ मध्ये २०१९ आणि पुढची नोंदणी लागते. म्हणून असल्या कंपनीचा ताळेबंद हातात आला की माझी नजर आधी मालसाठ्याच्या ओळीवर जाते. जपानी कंपन्यांचे वर्ष बहुधा मार्चअखेर संपते आणि आपले लेखक मार्चचेच आकडे घेतात. मी डिसेंबरची तिमाही उघडतो. विक्री गेल्या डिसेंबरएवढीच आणि साठा मात्र फुगलेला असेल, तर यार्डात अशा गाड्या उभ्या असू शकतात ज्यांचा एक देश नववर्षाच्या रात्री बंद झाला. ताळेबंदात त्या खरेदीच्या भावानेच बसलेल्या असतील, तर पुस्तकी मूल्याच्या खाली मिळतोय म्हणून शेअर स्वस्त कसा म्हणायचा?

केनिया एकटा नाही. बांगलादेशात पाच वर्षांची मर्यादा, पाकिस्तानात मोटारींना कित्येक वर्षे तीनचीच होती. श्रीलंकेने मार्च २०२० मध्ये परकीय चलन वाचवायला गाड्यांची आयात थांबवली आणि खासगी मोटारींना दार उघडले ते फेब्रुवारी २०२५ मध्ये. जवळपास पाच वर्षे अख्खे गिऱ्हाईक गायब! रशियाचे तर त्याहून नाट्यमय. जपानी जुन्या गाड्यांचा तो तेव्हा सर्वांत मोठा खरेदीदार, वर्षाला दोन लाखांवर गाड्या नेणारा. ऑगस्ट २०२३ मध्ये खुद्द जपाननेच १,९०० सीसीच्या वरच्या आणि हायब्रिड व विजेवरच्या गाड्या तिकडे पाठवायला बंदी केली. घोषणा आणि अंमल यांत दोन आठवडेही नव्हते. जपानच्या फुशिकी बंदरातून रशियातल्या व्लादिव्होस्तोकला जाणाऱ्या मालावर ज्याचा धंदा उभा, त्याने त्या दोन आठवड्यांत करायचे तरी काय? कंपनीच्या वार्षिक अहवालात देशवार विक्रीचा तक्ता असतो. एका देशाचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या वर दिसला की मी त्या कंपनीला कमीच पी/ई देतो, मग ती कितीही जोरात असो.

न्यूझीलंडचा किस्सा वेगळ्या कारणासाठी सांगतो. तिथला शेवटचा मोटार कारखाना १९९८ मध्ये बंद झाला, म्हणून देश बाहेरच्या गाड्यांवर चालतो, त्यातही जपानच्या जुन्या गाड्यांवर फार. फेब्रुवारी २०१८ मध्ये जपानहून आलेली कार कॅरिअर जहाजे ऑकलंडहून माघारी फिरवली गेली. कारण काय, तर ब्राउन मार्मोरेटेड स्टिंक बग, नखाएवढा एक किडा, जो थंडीत गाड्यांच्या फटींत लपून बसतो आणि सुटला तर फळबागा फस्त करतो. आम्ही तेव्हा जपानात माल भरत होतो, रॅम्पवरच्या रांगा जागच्या जागी थांबल्या. पुढच्या मोसमापासून नियम आला: सप्टेंबर ते एप्रिल, गाडी चढवण्याआधी तापवायची, साधारण मोटारीला ६० अंशांत १० मिनिटे. आता गंमत बघा. गाड्या विकत घेऊन पुढे विकणाऱ्याला हा नुसता खर्च आणि खोळंबा. ज्याचा धंदाच गाडी तपासण्याचा, धुण्याचा, तापवण्याचा, त्याला मात्र गाडीमागे एक नवे बिल फाडता आले. दोघेही ‘जुन्या गाड्या परदेशी पाठवणारी कंपनी’ म्हणूनच ओळखले जातात. लेखात दोघांची तुलना एकाच पी/ईवर केली आहे.

इथे माझ्या मुलीला पुढे करतो. ती सीए आहे. मी हा असला शेअर घेतला तेव्हा तिने आधी कपाळाला हात लावला आणि मग वार्षिक अहवाल मागून घेतला. तिचा पहिला प्रश्न, “बाबा, ही कंपनी विक्री म्हणून नक्की काय लिहिते?” मला प्रश्नच कळला नाही. मग तिने कागदावर मांडून दाखवले. समजा हजार गाड्या, प्रत्येकी बारा लाख येनच्या. कंपनी त्या स्वतःच्या नावावर घेऊन विकत असेल तर विक्री दिसेल १२० कोटी येन. तीच कंपनी नुसती मध्यस्थ असेल आणि गाडीमागे ऐंशी हजार कमिशन घेत असेल, तर विक्री आठ कोटी. जहाजात गाड्या तेवढ्याच चढल्या, खिशात पैसे कदाचित तेवढेच पडले. म्हणजे विक्रीवाढ, निव्वळ नफ्याची टक्केवारी, भाव-विक्री गुणोत्तर, या सगळ्यांची तुलना दोघांत करायची सोयच नाही. तुलना करायची ती गाडीमागच्या ढोबळ नफ्याची. ढोबळ नफ्याला गाड्यांच्या संख्येने भागायचे. तिसरीतला भागाकार. सहा-सात वर्षांचा करून ओळीने मांडला की कंपनी वाढते आहे की नुसती फुगते आहे ते दिसते.

दुसरी गोष्ट तिने दाखवली ती मला जहाजावरून कधीच दिसली नसती. जपानात लिलावात गाडी घेताना निर्यातदाराला १० टक्के उपभोग कर भरावा लागतो. गाडी देशाबाहेर गेली की तो परत मिळतो, पण नंतर. दहा लाखांच्या गाडीमागे एक लाख येन असे सरकारकडे अडकून राहतात, आणि गाडीमागचा नफा पुष्कळदा त्याहून कमी असतो. त्यामुळे धंदा वाढत असताना नफा दिसतो आणि हातातली रोकड आटते. हे एकवेळ ठीक, वाढीचे दुखणे. पण विक्री वाढत नसताना रोकड आटत असेल तर ते दुखणे निराळे.

याच्या उलट बाजूला ग्राहकांची आगाऊ रक्कम. झांबियाच्या लुसाकातला माणूस कधी न पाहिलेल्या विक्रेत्याला, कधी न पाहिलेल्या गाडीसाठी, आधी डॉलर पाठवतो आणि मग महिना-दोन महिने वाट पाहतो. हा विश्वास हीच या धंद्यातली खरी मिळकत आहे, असे माझे मत झाले आहे. खरेदीत कसली मिळकत? यूएसएस या जपानी लिलाव कंपनीचा टोकियोजवळच्या नोदाचा लिलाव दर गुरुवारी भरतो, सभासद असेल तो बोली लावतो, लिलावपत्रकावर ४, ४.५, आर असा दर्जा सगळ्यांना सारखाच दिसतो. सगळ्यांना एकाच फळीवरून माल घ्यायचा असेल तर घेण्यात कोण किती चलाखी करणार? पण ज्याला गिऱ्हाईक आधी पैसे देते त्याचे भांडवल अडकत नाही आणि येनची भीतीही कमी राहते. ताळेबंदात ही आगाऊ रक्कम देण्यांच्या बाजूला असते. ती वाढती दिसली की मला बरे वाटते. ती घटून येणी वाढू लागली, म्हणजे कंपनी विक्री टिकवायला उधारीवर उतरली, की मी मागे सरतो.

येनबद्दल लेखात एकच वाक्य आहे: येन पडला की निर्यातदाराची चांदी. अर्धे खरे आहे. येन पडला की परदेशातल्या गिऱ्हाइकाला गाडी स्वस्त पडते हे कबूल. पण मग सगळेच निर्यातदार लिलावात चढी बोली लावतात, येनमधला भाव वर जातो आणि चांदी होते ती गाडी विकणाऱ्या मूळ मालकाची. निर्यातदाराचे खरे नफा-नुकसान होते ते गाडी येनमध्ये घेतल्यापासून डॉलर हातात येईपर्यंतच्या दिवसांत. जुलै २०२४ मध्ये डॉलरला १६१ येनच्या वर मिळत होते, ५ ऑगस्टला १४२ पर्यंत खाली आले. हिशेबापुरते धरा: दहा लाख येनला गाडी घेतली, ७,००० डॉलरला विकली. १६०च्या दराने अकरा लाख वीस हजार येन, म्हणजे एक लाख वीस हजार सुटले. महिन्याने पैसे आले तेव्हा दर १४२ झालेला. नऊ लाख चौऱ्याण्णव हजार. सहा हजारांचा खड्डा, आणि भाडे-पगार अजून धरलेच नाहीत.

हे मी उदाहरणादाखल सांगत नाही, भोगून सांगतो. माझी खरेदी त्याच जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. ५ ऑगस्टला टोकियोचा निर्देशांक निक्केई एका दिवसात ४,४५१ अंकांनी, म्हणजे १२.४ टक्क्यांनी कोसळला आणि माझ्या कंपनीच्या शेअरला तर गिऱ्हाईकच उरले नाही. हे छोटे शेअर, दिवसाला फार थोड्या सौद्यांचे. वर टोकियोत शेअर शंभराच्या पटीत घ्यावे लागतात, थोडे विकू, थोडे ठेवू असेही जमत नाही. विकायचे म्हटले तरी समोर घेणारा हवा ना. मुलीने त्या दिवशी काही बोलणे टाळले. ते बोलण्यापेक्षा जास्त लागले.

जहाजभाड्याविषयी मात्र लेखकाने चार ओळी लिहायलाच हव्या होत्या, कारण पी/ई स्वस्त दिसण्याचे मूळ बरेचसे तिथे आहे. साडेसहा हजार गाड्यांचे कार कॅरिअर वर्षभरासाठी भाड्याने घ्यायचे तर २०२०च्या मध्यावर दिवसाला दहा हजार डॉलरच्या आसपास पडत होते. २०२३ मध्ये तो दर एक लाखावर गेला. एक लाख डॉलर, रोज! आमच्या काळात असा आकडा कुणी सांगितला असता तर त्याला दुर्बीण देऊन ब्रिजवर उभा केला असता. ज्यांच्याकडे जहाजातली जागा जुन्या कराराने बांधलेली होती त्यांनी या काळात गाडीपेक्षा जागेवर कमावले. ज्यांनी गाडी पोच भावाने, म्हणजे जहाजभाडे धरून, विकून ठेवली होती आणि भाडे नंतर भरायचे होते ते होरपळले. त्या चढत्या वर्षांचा नफा खाली घालून काढलेला पी/ई एक आकडी येणारच. नंतर नव्या जहाजांचा ओघ सुरू झाला, चिनी मोटार कंपन्या स्वतःची जहाजे पाण्यात उतरवू लागल्या, बीवायडीचे पहिले तर जानेवारी २०२४ मध्येच निघाले. त्यातून स्वस्त नवी गाडी त्याच बंदरांवर उतरू लागली जिथे इतकी वर्षे जुनी टोयोटा उतरत होती. तेव्हा नफा घ्यायचा तर सहा-सात वर्षांची सरासरी घ्या, त्यात २०२०ही येऊ द्या, आणि मग पी/ई काढा. माझ्या कंपनीचा असा काढला तेव्हा तो दुपटीच्या वर गेला. तरी महाग नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

आगीबद्दल लिहावे की नाही असा विचार करत होतो, कारण ते गुंतवणुकीत बसत नाही असे कुणी म्हणेल. जून २०२० मध्ये अमेरिकेत जॅक्सनव्हिलला ‘होएग शियामेन’ पेटले. पश्चिम आफ्रिकेकडे निघालेल्या २,४२० जुन्या गाड्या आत होत्या. चौकशीत निघाले, की गाड्यांच्या बॅटऱ्या नियमाप्रमाणे सोडवल्या नव्हत्या. नऊ अग्निशामक जखमी झाले, जहाज भंगारात गेले. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतच न्यूअर्कला जुन्या गाड्याच भरत असलेल्या जहाजावरच्या आगीत दोन अग्निशामकांचा जीव गेला. बॅटरीची तार सोडून तिच्यावर टोपण बसवायला एका माणसाला जेमतेम दोन मिनिटे लागतात. दोन हजार गाड्यांची ती दोन-दोन मिनिटे वाचवायचा मोह बंदरावर प्रत्येक वेळी होतो, मी पाहिला आहे. जी कंपनी गाड्या स्वतःच्या यार्डात तपासून, कागद लावून देते तिचा खर्च जास्त असतो. लेखात त्याच खर्चावर ‘नफ्याचे प्रमाण स्पर्धकांपेक्षा कमी’ असा शेरा आहे.

मी शेअर विकलेले नाहीत. त्या ऑगस्टनंतर भाव बराच सावरला, पूर्ण नाही. आगाऊ रक्कम वाढते आहे आणि एकाही देशाचा वाटा चौथ्या हिश्श्यावर नाही, एवढ्या आधारावर ते ठेवले आहेत. जी अडचण उरली ती डिसेंबरची. यार्डात उभ्या असलेल्यांपैकी किती गाड्यांचे केनियाचे वय या ३१ तारखेला संपते, असे मी कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाला ईमेलने विचारले आहे. आपल्या लेखकाने शिफारस करण्याआधी त्यांच्या कंपनीला हे विचारले असेल तर आलेला आकडा कृपया छापावा. नसेल विचारला, तर माझ्या ईमेलचा मजकूर मी त्यांना आनंदाने पाठवीन, फक्त कंपनीचे नाव बदलावे लागेल.

आपला,
एक निवृत्त चीफ ऑफिसर
(नाव व पत्ता संपादकांकडे)